आधी ग्लासात काय आहे ते बघ

अगं, तुझा मेसेज वाचला. इंग्रजीतून जर्मनमध्ये अनुवाद करताना सायडरला आप्फेलव्हाइन लिहू, सिड्र लिहू की सरळ सायडरच ठेवू, डिक्शनरीत तिन्ही सापडतात आणि उद्या फाईल द्यायचीय. मुळात तू प्रश्नच उलटा विचारतेयस. आधी ग्लासात काय आहे ते बघ ना!

मजकूर अमेरिकन असेल तर नुसतं सायडर म्हणजे बहुतेक वेळा गाळ न काढलेला ॲपल ज्यूस, त्यात दारूचा थेंब नसतो, तो आप्फेलझाफ्ट झाला. हार्ड लिहिलं असेल तरच चढणारं. ब्रिटिश सायडर मात्र दारूच, पण त्यांच्या नियमात सफरचंदाचा रस 35 टक्के असला तरी चालतो, त्यामुळे बाटलीतलं बरंचसं गोड आणि फसफसणारं असतं. आणि फ्रँकफुर्टचं आप्फेलव्हाइन? आंबट, गॅस जवळपास नाहीच, साधारण 5 ते 7 टक्के, निळ्या नक्षीच्या करड्या बेंबेलमधून, म्हणजे मातीच्या सुरईतून, खाचांच्या ग्लासात ओततात. तिथल्याच झाक्सनहाउझेन भागातल्या जुन्या खानावळीत त्यात लेमोनेड घालून मागितलंस तर वेटर असा बघतो की विचारू नकोस. अशा माणसाच्या हातात गोड सायडर देऊन वर आप्फेलव्हाइन लिहिणार तू? 2007 मध्ये ब्रुसेल्सहून, म्हणजे युरोपियन युनियनकडून, टूम निघाली होती की द्राक्षांशिवाय कशालाच वाइन म्हणायचं नाही, तेव्हा हेसेनवाले, म्हणजे फ्रँकफुर्टच्या राज्यातले लोक, असे खवळले की ती गुंडाळावी लागली.

आपण पुण्यात जर्मन शिकलेली माणसं, शब्दाला शब्द जोडून मोकळं व्हायची सवय. पण जर्मनीतच ट्रिअर शहरात त्याच पेयाला फीत्स म्हणतात, दक्षिणेकडच्या श्वाबेनमध्ये आणि ऑस्ट्रियात मोस्ट, आणि ऑस्ट्रियातल्या मोस्टफिअर्टेल भागाचा मोस्ट तर बराचसा पेअरचा, म्हणजे मजकुरात पेरी, पेअरची दारू, आली की तो आठव. ॲपलजॅक ही मात्र कडक दारू, तिला आप्फेलब्रांट म्हण. आप्फेलकॉर्न नको, प्लीज, ती धान्याच्या दारूत सफरचंद घातलेली गोड लिकर. काल्वादोस पण नको, ते फ्रान्समधल्या नॉर्मंडीचंच.

मी हेकट आहे असं लोक म्हणतात, असेन. एका अनुवाद एजन्सीच्या शब्दांच्या यादीत सगळ्या सायडरपुढे एकच शब्द होता, मी दर वेळी बदलायचो आणि लांबलचक ईमेल लिहायचो, शेवटी त्यांनी काम देणंच बंद केलं. ईमेल जरा गोड लिहायला हवे होते, हे आता वाटतं. शब्द बदलले याचं अजिबात वाईट वाटत नाही, पिणारा मी नव्हतो आणि ते मॅनेजरही नव्हते, मग कुणाच्या सोयीनं लिहायचं?

तर आत्ता क्लायंटकडून लेबलच्या मागच्या बाजूचा फोटो मागव, समोरचा नको. अल्कोहोल किती, साखर घातलीय का, गॅस भरलाय का, एवढं बघ. बाटली इंग्लंडची असेल तर सायडर तसंच ठेव, जर्मन दुकानांत ते नाव चालतं. स्क्रम्पी, म्हणजे तिकडचं गावठी कडक सायडर, पण तसंच ठेव, खाली एक ओळ खुलासा दे, आणि त्यावरून माझ्याशी वाद घालू नकोस, मला उद्या सकाळी लवकर उठायचंय.