हिरव्या टिकांच्या रिपोर्टवर केमन घेण्याआधी

तुमचा प्रश्न वाचला आणि मला माझी बॉक्स्टर आठवली, केमनचीच उघड्या टपाची पोर्शे बहीण. तुम्ही बघताय ती 2014 ची जुनी पोर्शे केमन, पीडीके म्हणजे पोर्शेचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, मुंबईची नोंदणी, मीटरवर 31 हजार किलोमीटर, लांबलचक तपासणी रिपोर्ट, त्यात सगळीकडे हिरव्या टिका आणि टोकनसाठी घाई करणारा विक्रेता. रिपोर्ट इतका स्वच्छ आहे तर गाडी भरवशाची समजायची का, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते, नुसत्या या रिपोर्टवर नाही. गाडी वाईट असेल असं मी म्हणत नाही. पण तपासणी झाली त्या दुपारी दिवे लागत होते, एसी थंड करत होता, खिडक्या वरखाली होत होत्या, एवढंच हा कागद सांगतो. भरवसा ठरतो तो मागच्या दहा वर्षांत वर्कशॉपने काय काम सुचवलं आणि मालकाने त्यातलं काय केलं नाही, यावरून.

आरसी, बोजा, चलनं, चेसिस नंबर जुळवणं हे तुम्ही केलं असणारच, त्यात शिरत नाही.

माझं सगळ्यात जास्त नुकसान कुठे झालं ते आधी सांगतो. गाडी बघत होतो तेव्हा एका सर्व्हिस सेंटरकडे पूर्ण हिस्टरी मागितली. नाव घेणार नाही. फोनवर उत्तर मिळालं, "सर, हिस्टरी क्लीन आहे, सगळ्या सर्व्हिसेस आमच्याकडेच झाल्यात." लेखी मागितलं तर म्हणे मालकाशिवाय देता येत नाही. ठीक आहे, तो नियम मला मान्य आहे. मग विकणाऱ्या गृहस्थांनी स्वतः मेल केला. उत्तरात एक पान आलं: तारखा, किलोमीटर आणि प्रत्येक ओळीपुढे "पूर्ण". जॉब कार्डं, म्हणजे प्रत्येक भेटीत वर्कशॉपने काय बघितलं आणि काय केलं त्याचे कागद, हवीत असं मी पुन्हा कळवलं. यात सगळं आलंच, असं सांगून त्यांनी विषय बंद केला.

गाडी माझ्या नावावर झाल्यानंतर मे महिन्यात कसारा घाट चढताना कूलंटचा दिवा लागला. त्याच सेंटरला गाडी नेली, आणि आता मालक मी असल्यामुळे त्यांनी सगळा रेकॉर्ड उघडला. लागोपाठच्या दोन सर्व्हिसमध्ये टेक्निशियनची नोंद होती: वॉटर पंपाजवळ गळती, काम सुचवलं, ग्राहकाने पुढे ढकललं. दोन्ही वेळा नुसतं कूलंट भरून गाडी परत दिलेली. त्या एका पानावर या दोन्ही सर्व्हिस "पूर्ण" होत्या. पंप, थर्मोस्टॅट, होसपाइप, नाशिकहून मुंबईला गाडी वाहून नेणारा फ्लॅटबेड ट्रक, आणि पार्टची वाट बघत अख्खा पावसाळा गाडी त्यांच्या शेडमध्ये. वॉटर पंप हा या इंजिनांमध्ये झिजणारा भाग आहे, तो जातो, त्याबद्दल तक्रार नाही. पण माहिती समोर स्क्रीनवर असताना लपवायची आणि त्या लपवण्याला धोरण म्हणायचं, याचा राग मला आजही आहे. लोक आयुष्यभराची बचत घालून अशी गाडी घेतात.

म्हणून तुम्ही सर्व्हिसची यादी मागू नका. प्रत्येक भेटीचं जॉब कार्ड मागा, टेक्निशियनचा शेरा आणि नाकारलेली कामं यांसकट. ते विक्रेत्याने स्वतः काउंटरवर उभं राहून प्रिंट करून घ्यावं आणि तुम्ही सोबत असावं. गाडी त्याच्या नावावर आहे, त्याने मागितलं तर सहसा मिळतं. तो टाळाटाळ करत असेल तर टोकन देऊ नका, मग रिपोर्टात कितीही टिका असोत.

दुसरा कागद इंजिनच्या कंट्रोल युनिटचा, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमधल्या नोंदींचा. पोर्शेमध्ये ओव्हर-रेव्हची, म्हणजे इंजिन मर्यादेपलीकडे फिरल्याची, नोंद राहते. या पिढीत तिचे सहा टप्पे असतात. खालचे टप्पे रेव्ह लिमिटरला, म्हणजे इंजिनचा वेग रोखणाऱ्या मर्यादेला, टेकल्याचे, त्यांचे आकडे मोठे असले तरी मी घाबरणार नाही. वरचे टप्पे बहुधा चुकून खालच्या गिअरमध्ये टाकल्यावर भरतात. पीडीके तसा गिअर पडूच देत नाही, त्यामुळे तिथे शून्यच दिसायला हवं. मॅन्युअल गाडी असती तर शेवटची नोंद किती तासांपूर्वीची हे बघायला सांगितलं असतं.

पण मला त्या कागदावर सगळ्यात मोलाचा वाटतो तो इंजिन चालल्याच्या एकूण तासांचा आकडा. किलोमीटरला तासांनी भागा. 31 हजार किलोमीटर आणि 1,100 तास असतील तर सरासरी वेग ताशी 28 येतो, मुंबईच्या गाडीला शोभणारा. 2,600 तास निघाले तर सरासरी 12 वर येते. मग एकतर गाडी रोज ट्रॅफिकमध्ये रखडली आहे, किंवा मीटर मागे फिरवलंय. "फक्त रविवारी पहाटे लोणावळा" असं सांगणाऱ्या मालकाच्या गाडीची सरासरी याहून बरीच जास्त हवी. मीटर फिरवणारे बहुतेकदा डॅशबोर्डाचा आकडा बदलतात, इंजिनच्या युनिटपर्यंत पोचत नाहीत.

तुमच्या रिपोर्टात "फॉल्ट कोड नाहीत", म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये बिघाडाची नोंद नाही, असं असेलच. ते आदल्या दिवशीही पुसता येतात. बहुतेक गाड्यांत हे कोड वाचणारा साधा ओबीडी स्कॅनरही कोड पुसल्यापासून किती किलोमीटर झाले ते दाखवतो. तो आकडा 40 असेल तर विचारा, काय पुसलं?

पेंटच्या जाडीचे मायक्रॉन दिलेत का बघा. कारखान्याचा रंग साधारण 100 ते 150 च्या आसपास असतो. या केमनचे दरवाजे आणि बॉनेट अॅल्युमिनियमचे आहेत, फक्त लोखंडावर चालणारं स्वस्त गेज तिथे वाचन देत नाही. त्या रकान्यात आकड्याऐवजी टिक असेल तर मोजलंच नाही असं समजा.

विम्याची मागची पॉलिसीही मागा. एनसीबी, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट (नो क्लेम बोनस), 20, 25, 35, 45, 50 टक्के असा चढतो. जुन्या गाडीवर तो शून्य असेल तर आदल्या वर्षी क्लेम झालेला असू शकतो. मात्र एनसीबी माणसाचा असतो, गाडीचा नाही. दुसऱ्या गाडीवरून आणलेला 50 टक्के बघून निर्धास्त होऊ नका.

कुणीतरी तुम्हाला आयएमएस बेअरिंगची, म्हणजे इंजिनातल्या मधल्या शाफ्टचं बेअरिंग तुटण्याची, भीती घालेल. ती 2008 पर्यंतच्या जुन्या बॉक्स्टर, केमन आणि साध्या 911 ची गोष्ट. 2009 पासूनच्या नव्या इंजिनात ती शाफ्टच नाही, त्यामुळे 2014 च्या गाडीसाठी त्यावर पैसे घालवू नका. त्या पैशात गाडी लिफ्टवर घेऊन खालचे प्लॅस्टिक ट्रे काढायला लावा, गळतीचे डाग तिथेच दिसतात. आणि पहिल्यांदा इंजिन सुरू होताना तुम्ही हजर राहा. तुम्ही पोचायच्या आधीच गाडी गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जा.

कमी किलोमीटरचं कौतुक मला फारसं नाही. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदललंय का, इंजिन ऑइल वर्षाला बदललंय का की "चाललीच नाही" म्हणून राहिलं, हे जॉब कार्डांच्या तारखांत बघा. टायरवर छापलेल्या तारखेच्या चार आकड्यांत पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. 2014 चेच टायर अजून असतील तर जाडी कितीही असो, बदलायचा खर्च किमतीतून वजा करा. डिस्कवरचे कॅलिपर (पॅड दाबणारे भाग) पिवळे असतील तर ब्रेक कार्बन सिरॅमिकचे, तिथे "पॅड 70 टक्के" या शेऱ्याला अर्थ नाही. डिस्कची स्थिती वेगळी तपासून घ्या, त्या भयंकर महाग आहेत.

मी मेकॅनिक नाही, एका मालकाचा अनुभव म्हणून हे वाचा. पोर्शेचं निदान करणाऱ्या यंत्रावर हात बसलेला माणूस स्वतः गाडी बघेल तर त्याचा शब्द माझ्यापेक्षा वरचा. त्यासाठी गाडी इकडे नाशिकला मागवू नका, मुंबईतच तपासा. इथे आणून तपासली की विकणारा येण्याजाण्याचा खर्च पुढे करतो आणि माणूस भिडेपोटी हो म्हणून बसतो.

तासांचा आकडा आणि जॉब कार्डं हातात आली की इथे टाका, मी बघून सांगतो. चेसिस नंबर आणि मालकाचं नाव मात्र झाकून टाका.