आधी थांबवायला शीक

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

रोबोटिक्स अँड ऑटोमेशनच्या सर्टिफिकेटला प्रवेश घेतलास, फार आनंद झाला. फोनवर विचारलंस, 'काका, वर्षभरात रोबोट चालवता येईल ना?' चालवता तर महिन्याभरातही येईल. पण वर्षभरात तो थांबवायला शिकलीस, तर मी तुला निर्धास्तपणे शॉपफ्लोअरवर उभी करेन.

लॅबमधल्या पॅनलवर लाल मशरूमसारखं इमर्जन्सी स्टॉपचं बटण असेल. त्याच्या मागची वायर शोध. तो कॉन्टॅक्ट एनसी (नॉर्मली क्लोज्ड, एरवी जोडलेला) असतो, म्हणजे सगळं ठीक असताना 24 व्होल्टचं सर्किट पूर्ण असतं. बटण दाबलं की ते तुटतं आणि मशीन थांबतं. उंदरानं वायर कुरतडली तरी थांबतं. तेच एनओ (नॉर्मली ओपन, एरवी तुटलेलं) जोडलं असतं, तर तुटलेली वायर कुणाच्या ध्यानातही आली नसती, आणि कुणाचा हात अडकला त्या दिवशी बटण दाबून काहीच झालं नसतं.

लॅडर, म्हणजे मशीन चालवणाऱ्या पीएलसी या छोट्या कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम, लिहिताना इथेच अडखळशील. बटण एनसी, मग प्रोग्रॅममध्ये कॉन्टॅक्ट एनओ का? पाठ करू नकोस. पीएलसीच्या इनपुटला 1 केव्हा येतो नि 0 केव्हा, ते कागदावर मांड. मुलाखतीला मी हा प्रश्न नेमाने विचारायचो. डिग्री झालेली मुलंही गडबडायची. आणि हो, माणसाचा जीव नुसत्या प्रोग्रॅमवर सोडायचा नसतो, त्यासाठी वेगळा सेफ्टी रिले असतो, प्रोग्रॅमवर न विसंबता मशीनची वीज तोडणारा.

टीच पेंडंट, म्हणजे रोबोटला हालचाली शिकवायचा रिमोट, हातात येईल तेव्हा त्याच्या मागच्या एनेबल स्विचकडे नीट बघ. सोडला तरी रोबोट थांबतो, घट्ट आवळला तरी थांबतो. मधल्या दाबावरच चालतो. घाबरलेला माणूस एक तर हात सोडतो, नाही तर मूठ आवळतो, हे ओळखून कुणीतरी तो बनवलाय. मला ही रचना आजही फार आवडते. शिकवताना वेगही सेकंदाला 250 मिलिमीटरवर बांधलेला असतो. 1961 साली न्यू जर्सीतल्या जनरल मोटर्सच्या कारखान्यात युनिमेट हा कारखान्यातला पहिला रोबोट बसवला, तोही डायकास्टिंगचे, म्हणजे वितळलेला धातू साच्यात दाबून केलेले, तापलेले भाग उचलायला. माणसाचे हात वाचवणं या विद्येत पहिल्यापासून आहे.

माझी एक चूक सांगतो. नवीन असताना एक लाइन बंद पडली आणि मी तीन तास प्रोग्रॅम चाळत बसलो. शेवटी एका जुन्या फिटरने प्रॉक्सिमिटी सेन्सरच्या (वस्तू जवळ आली की ओळखणाऱ्या सेन्सरच्या) तोंडावरचा लोखंडाचा कीस फडक्याने पुसला. लाइन सुरू. तेव्हापासून मी आधी सेन्सरचा दिवा बघतो, मग पीएलसीच्या इनपुटचा, आणि लॅपटॉप सगळ्यात शेवटी उघडतो.

यूजीसीच्या 2022च्या आराखड्यात डिग्रीच्या पहिल्या वर्षाचे 40 क्रेडिट आणि उन्हाळ्यातला 4 क्रेडिटचा व्यावसायिक कोर्स पूर्ण केला की सर्टिफिकेट घेऊन बाहेर पडता येतं, आणि तीन वर्षांच्या आत परत डिग्रीकडे वळता येतं. तुझ्या कॉलेजात नेमकं काय, ते ऑफिसात लेखी विचारून घे. घरची ओढाताण मला ठाऊक आहे, म्हणून हे सांगतोय. त्या उन्हाळ्यात नुसत्या सिम्युलेशनवर बसू नकोस. भोसरीतल्या एखाद्या लहान कारखान्यात मेंटेनन्सला जा.

दिवाळीला येशील तेव्हा माझा जुना मल्टीमीटर घेऊन जा. बॅटरी बदलून ठेवली आहे.

तुझा,
काका