आकडीनंतर बोलू न शकणाऱ्या रुग्णाची दडलेली दुखापत कशी ओळखावी?

तुमच्या भावाला बौद्धिक अक्षमता आहे, काय दुखते ते तो सांगू शकत नाही, आणि काल मोठी आकडी येऊन गेल्यापासून तो उजवा हात वापरत नाही. हा आकडीनंतरचा अशक्तपणा आहे की हाताला काही लागले आहे, असे तुम्ही विचारले आहे. अशा रुग्णांची शुश्रूषा मी परिचारिका म्हणून करत आले आहे. माझे स्पष्ट मत असे, की तपासणीतून खात्री होईपर्यंत दुखापत झाली आहे असेच धरून चालावे आणि त्याला आजच डॉक्टरांना दाखवावे.

आकडीनंतर एका बाजूचा हात किंवा पाय तात्पुरता लुळा पडू शकतो, हे खरे आहे. त्याला टॉडचा पक्षाघात म्हणतात. तो बहुधा काही तासांत, फार तर दीड-दोन दिवसांत ओसरतो, आणि त्यात हात सैल असतो, हलवला तरी सहसा दुखत नाही. याउलट दंड अंगाशी आणि पुढचा हात पोटाशी आवळून धरलेला असेल, तो बाहेरच्या बाजूला वळतच नसेल आणि सदरा चढवताना भाऊ कण्हत किंवा तुमचा हात झिडकारत असेल, तर खांदा मागच्या बाजूला निखळल्याची शंका घ्यावी. त्यासाठी पडावेच लागते असे नाही. आकडीत खांद्याभोवतीचे स्नायू इतक्या जोराने आकसतात की दंडाच्या हाडाचे डोके मागे सरकते, कधी मोडतेही. केवळ समोरून काढलेल्या एक्स-रेमध्ये हे नजरेतून सुटू शकते, म्हणून काखेच्या दिशेने किंवा बाजूने दुसरा एक्स-रे काढण्याची विनंती आवर्जून करा. घरी हात ओढून बसवण्याचा प्रयत्न मात्र मुळीच करू नका.

पाठीचे मणकेही असेच दबतात, विशेषतः फेनिटॉइन किंवा फिनोबार्बिटोन ही आकडीवरची औषधे वर्षानुवर्षे घेतल्याने हाडे ठिसूळ झाली असतील तर. अशा वेळी रुग्ण उठून बसायला नकार देतो, कूस बदलताना चेहरा वाकडा करतो. जीभ आणि दातही पाहून घ्या.

अशा रुग्णाची चिडचिड किंवा जेवण नाकारणे हा त्याच्या अक्षमतेचाच भाग मानला जातो, आणि दुखापती दडून राहतात त्या मुख्यतः यामुळे, असे मला वाटते. डॉक्टर त्याला प्रथमच पाहत असतील. तो एरवी कोणत्या हाताने जेवतो, कसा चालतो, दुखल्यावर काय करतो, हे तुम्हालाच ठाऊक आहे. म्हणून ‘तो असाच आहे’ असे कोणी म्हटले, तर कालपर्यंत तो असा नव्हता हे ठामपणे सांगा आणि पूर्वीचा एखादा व्हिडिओ असल्यास दाखवा.

गुंगी उतरण्याऐवजी वाढत असेल, वारंवार उलट्या होत असतील, लघवी गडद तपकिरी झाली असेल किंवा पुन्हा आकडी आली, तर थेट आपत्कालीन विभागात न्या. तो रक्त पातळ करणारे औषध घेत असेल आणि डोके आपटल्याची शंका असेल, तर ही लक्षणे दिसण्याचीही वाट पाहू नका. मेंदूभोवतीचा रक्तस्राव कधी कधी काही दिवसांनी, अगदी आठवड्यांनीही लक्षात येतो. तोपर्यंत त्याच्या चालण्यात किंवा शुद्धीत फरक पडतो का, याकडे लक्ष ठेवा.