बोनस कुणी दिला?

प्रिय मुली,

तुझा निरोप वाचला. एलआयसीच्या तुझ्या शाखेतले सगळे ‘युनियनची सहचिटणीस हो’ म्हणून मागे लागलेत आणि तू अडून बसली आहेस. का, तर ‘काका, बोनस शेवटी कोर्टानेच मिळवून दिला ना? मग युनियनने काय केलं?’ प्रश्न चोख आहे. पण तो विचारण्याआधी युनियनने एलआयसीशी केलेला १९७४चा करार वाचलास का? नाही. माझं भांडण तेवढंच आहे. कागद वाच.

१ जुलै १९५१ला मुंबईत आपली विमा कर्मचाऱ्यांची अखिल भारतीय संघटना स्थापन झाली तेव्हा एलआयसी नव्हतीच. विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची आपली मागणी मात्र तेव्हापासूनची. १९ जानेवारी १९५६ला अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी आकाशवाणीवरून ते जाहीर केलं आणि २४५ विमा संस्था मिळून १ सप्टेंबरला आयुर्विमा महामंडळ, म्हणजे एलआयसी, उभं राहिलं. (तोवर मुंबईच्या प्रश्नावर देशमुखांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला होता. आपल्या लोकांना राजीनामा आठवतो, विमा आठवत नाही.) हे सगळं कुठल्याही स्मरणिकेत मिळेल. त्यात अडकू नकोस.

तू बस २४ जानेवारी १९७४चा करार घेऊन. कलम ८. पहिलं पोटकलम म्हणतं, नफ्यातला वाटा म्हणून बोनस मिळणार नाही. घाईने वाचणारा इथेच कागद मिटतो. तू पुढचं वाच : वर्ग तीन आणि चारच्या, म्हणजे कारकून-शिपाई अशा, सर्वांना वार्षिक पगाराच्या १५ टक्के रोख बोनस, पगारात महागाई भत्ता धरून. बोनसचा कायदा एलआयसीला लागू नव्हता. त्यामुळे जे होतं ते या पोटकलमात होतं, आणि ते टेबलावर बसून कुणीतरी लिहून घेतलं होतं.

मग आणीबाणी. मे १९७६मध्ये संसदेने खास कायदा करून बोनसची तेवढीच तरतूद १ एप्रिल १९७५पासून रद्द केली. अख्खा कायदा एका पोटकलमासाठी! त्यावरून त्याची किंमत ओळख. २१ फेब्रुवारी १९७८ला सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींपुढे तो कायदा टिकला नाही. तुझा ‘कोर्टाने दिलेला’ बोनस तो हा. अगं, करारच नसता तर न्यायमूर्तींनी बोट कशावर ठेवलं असतं?

पुढे मुदतीचा वाद. करार ३१ मार्च १९७७पर्यंतचा, म्हणजे आता बोनस संपला, असा व्यवस्थापनाचा पवित्रा. १९८०मध्ये सर्वोच्च न्यायालयातल्या बहादूर खटल्यात बहुमताने निकाल आला की नवं काही ठरेपर्यंत जुना करार चालू राहतो. त्यावर १९८१मध्ये सरकारने एलआयसीचा कायदाच बदलला आणि सेवाशर्तींचे नियम करण्याचा अधिकार स्वतःकडे घेतला. म्हणून तुमची पगारवाढ आज राजपत्रातून येते. तुला हे ठाऊक होतं? तुझ्या शाखेत कुणाला ठाऊक आहे? विरार लोकलमध्ये सगळे पगारवाढीवर तावातावाने बोलतात, आणि अधिसूचना एकानेही उघडलेली नसते.

तुमची पिढी आम्हाला हसते, संगणकाला विरोध करणारे म्हणून. हसा. साठच्या दशकात भीती नोकऱ्या जाण्याची होती, आणि ‘काही होणार नाही’ या तोंडी आश्वासनावर आम्ही विश्वास ठेवायचा होता. कागदावर द्या म्हणणं मागासपणा असेल तर मी मागास. त्यावर आजही कुणाशीही वाद घालीन. मुलांचे वाढदिवस चुकले, बायकोने एकटीने घर ओढलं, याची खंत आहे. सहीआधी प्रत्येक ओळ वाचायला लावली म्हणून सहकाऱ्यांनी मला ‘स्वल्पविराम’ म्हणून चिडवलं, त्याची मुळीच नाही.

तू घोषणा द्यायला लाजतेस, हेही लिहिलंस. नको देऊस. द्वारसभेला मोठा आवाज कुणाचा ना कुणाचा असतोच. जेवणाच्या सुट्टीत चार जणांना नियम वाचून दाखवणारं माणूस मिळत नाही, आणि तुला वाचता येतं, समजावता येतं. मग अडलं कुठे?

रविवारी घरी ये. दोन्ही निकाल काढून ठेवतो. येताना सध्याच्या पगारवाढीची अधिसूचना छापून आण, आणि न कळलेल्या ओळींखाली पेन्सिलीने रेघा मारून आण. रेघा दिसल्या नाहीत तर काकूच्या हातचे पोहे मिळतील, माझा वेळ मिळणार नाही.

तुझा,
काका