पिटबुल फुकट मिळतोय आणि घरात पाच वर्षांची मुलगी आहे, तर घ्यावा का?

तुमचा प्रश्न असा की मिस्टरांचा मित्र पिटबुलचं पिल्लू फुकट देतोय, मिस्टर म्हणतात ही जात उगाच बदनाम आहे, सासूबाई म्हणतात तो जबडा लॉक करतो आणि मेला तरी सोडत नाही, मग खरं कोणाचं. ताई, दोघांचंही अर्धंच खरं आहे. मी पुण्यात कुत्र्यांचं बोर्डिंग चालवतो, पिटबुल येतात आमच्याकडे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी सासूबाईंचं घेऊ. जबड्यात लॉकबिक काही नसतं, हाडं बाकी कुत्र्यांसारखीच असतात. व्हॉट्सॲपवर फिरतो तो १६०० पीएसआयचा, म्हणजे दर चौरस इंचावर १६०० पौंड जोराचा चावा पण थापच. नॅशनल जिओग्राफिकसाठी ब्रॅडी बार यांनी मोजलं तेव्हा पिटबुलचा २३५ पौंड भरला, जर्मन शेफर्डचा २३८ आणि रॉटवायलरचा ३२८. पण तो सोडत नाही हे मात्र खरंय, फक्त ते हाडात नाही, स्वभावात आहे. इंग्लंडमध्ये बैलावर कुत्रे सोडायचा खेळ चालायचा, १८३५ ला त्यावर बंदी आली, मग बुलडॉग आणि टेरियरचा क्रॉस काढून कुत्र्यांच्याच झुंजी लावायला लागले आणि मार खाऊनही जो सोडत नाही त्याचीच पिल्लं पुढे वाढवली. म्हणून जाणकार मालक ब्रेक स्टिक जवळ ठेवतात, म्हणजे लाकडाची चपटी पट्टी, दाढांच्या मागच्या फटीत घालून पिळायची की तोंड उघडतं. आमच्याकडे ती दाराशी खिळ्याला टांगलेली असते. लोक घाबरून कुत्र्याचे मागचे पाय ओढतात आणि जखम अजून फाटते.

आमच्याकडे एक तपकिरी पट्ट्यांची पिटबुल मादी यायची, माणसांवर इतका जीव की कामवाल्या मावशींच्या पायावर डोकं ठेवून झोपायची. पण जाळीपलीकडून दुसरा कुत्रा गेला की ना गुरगुर ना भुंकणं, शेपूट हलायची थांबायची, तोंड मिटायचं, पुतळ्यासारखी उभी. नवख्याला वाटेल शांत आहे. पुढच्या सेकंदाला ती जाळीवर असायची.

आता मिस्टरांचं. पूर्वी हे लहान मुलं सांभाळायचे, ‘नॅनी डॉग’ होते, हे निव्वळ खोटं आहे, अमेरिकेतल्या एका पिटबुलप्रेमी संस्थेनेच २०१३ साली हा दावा मागे घेतला. ‘सगळं मालकावर असतं’ यात मात्र तथ्य आहे. २०२२ मध्ये सायन्स मासिकात १८ हजारांवर कुत्र्यांचा अभ्यास आला, त्यात कुत्र्या-कुत्र्यांच्या वागण्यातल्या फरकापैकी जेमतेम ९ टक्के फरक जातीमुळे निघाला. मायकल विक या अमेरिकन फुटबॉल खेळाडूच्या कुत्र्यांच्या झुंजीच्या अड्ड्यावरून २००७ साली पन्नासेक पिटबुल सोडवले, त्यातले बहुतेक सुधारले, काही तर घरातही रमले.

मग अमेरिकेत १९७९ ते ९८ मधल्या चाव्याने झालेल्या मृत्यूंत निम्म्याहून जास्त पिटबुल आणि रॉटवायलरच्या नावावर कसे? ते आकडे काढणाऱ्यांनीच सांगितलंय की यावरून बंदी घालू नका, कारण एकूण कुत्र्यांत कुठली जात किती हेच माहीत नाही आणि जात ओळखण्यातही चुका होतात. फ्लोरिडात शेल्टरवाल्यांनी १२० पैकी जवळपास निम्मे कुत्रे बघून पिटबुल ठरवले होते, डीएनएत २५ निघाले.

पण माझं म्हणणं वेगळंय. किती वेळा चावतो याच्यावर लोक भांडत बसतात, चावला तर काय होतं ते बघा की. डॅशहुंड आणि चिवावा माणसांवर जास्त धावून येतात असं २००८ च्या सर्व्हेत दिसलंय, पण त्यांचा चावा बहुतेक वेळा टाक्यांवर निभावतो. लखनौला २०२२ मध्ये ८२ वर्षांच्या आजींचा घरच्याच पिटबुलने जीव घेतला, गोव्यात हणजुण्याला २०२४ मध्ये सात वर्षांचा मुलगा गेला. आणि मुंबईत मानखुर्दचा २०२५ मधला व्हिडिओ बघितला असेल, रिक्षात मुलाला कुत्रा चावतोय आणि मालक हसतोय! तिथे कुत्र्याला काय बोलणार.

बंदीनेही फार काही होत नाही. ब्रिटनने १९९१ ला पिटबुलवर घातली, लोकांनी एक्सएल बुली, म्हणजे पिटबुलच्याच कुळातले दांडगे कुत्रे पाळले, मग २०२४ ला त्यांच्यावर घालावी लागली. आपल्याकडे मार्च २०२४ मध्ये केंद्राने २३ जातींवर बंदीचं पत्रक काढलं, कर्नाटक हायकोर्टाने एप्रिलमध्ये ते रद्द केलं.

तुमच्या घरात पाच वर्षांची मुलगी, दोघंही नोकरीला आणि हा पहिलाच कुत्रा, तर मी नको म्हणेन. अंगात रग असलेला कुत्रा आहे तो, रोज दमवावा लागतो, गॅलरीत साखळीला बांधून ठेवला की बिघडलाच म्हणून समजा. मिस्टर ऐकतच नसतील तर मित्राला सांगा पिल्लाची आई दाखव, अनोळखी माणूस आणि दुसरा कुत्रा समोर असताना ती कशी वागते ते उभं राहून बघा. आई दाखवायला टाळाटाळ केली तर पिल्लू बघायलासुद्धा जाऊ नका, मुलीला घेऊन तर नाहीच.