बाजारसडकेचा फोटो कोणत्या सालचा?

प्रश्न: भाऊ, आजोबाच्या पेटीत आमच्या गावच्या बाजारसडकेचा एक ब्लॅक अँड व्हाइट फोटो सापडला. घरचे म्हणतात इंग्रजाच्या काळातला आहे. हॉटेलच्या पाटीवर "चाय 10 नये पैसे" अन खाली "जि. अकोला" लिहिलंय, आमचं गाव तर वाशिम जिल्ह्यात. भिंतीवर बैलजोडी काढलीय, कापसाच्या बंड्या (बैलगाड्या) उभ्या आहेत, खांब दिसतात पण तार नाही. साल कसं काढायचं?

उत्तर: इंग्रज विसरा बापा, त्या चहावाल्यानंच निकाल लावून ठेवलाय! नये पैसे आले 1 एप्रिल 1957 ला, त्याच्याआधी आणे होते, अन 1 जून 1964 पासून "नये" गेलं, नुसते पैसे राहिले. आता पाटी काही कोणी लगेच रंगवत नाही, म्हणून पुढं एखाद-दोन वर्षं सूट द्या. अकोल्याचा फार उपयोग नाही, वाशिम 1 जुलै 1998 ला वेगळा झाला, म्हणजे फोटो त्याच्या आधीचा, बस एवढंच.

बैलजोडी ही काँग्रेसची निशाणी, 1969 च्या फुटीपर्यंत. पण 1957 चं मतदान नये पैसे यायच्या आधीच उरकलं होतं, पुढचं झालं फेब्रुवारी 1962 मध्ये. म्हणून भिंतीचा रंग जवळून पाहा, ठळक अन ताजा वाटला तर 62 धरा, पोपडे निघालेले असतील तर ती जुन्या निवडणुकीची उरलेली बैलजोडी असू शकते. कापसाच्या बंड्या दरवर्षीच दिसतात, पण त्या फेब्रुवारी 62 शी जुळतात, दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंत हंगाम जोरात असतो.

तार नाही असं मात्र एकदम म्हणू नका, छोट्या प्रिंटमध्ये पांढऱ्या आभाळात बारीक तार उडूनच जाते. खांबाच्या डोक्यावर तार अडकवायचे चिनी मातीचे कप आहेत का ते भिंगानं पाहा.

अन साल सापडलं म्हणजे सडक समजली असं नाही. लाकडी चाकाला लोखंडी धाव, म्हणजे जवळपास खाती (बंड्या बनवणारे सुतार) अन लोहार असणारच, त्यांच्या जागी आज काय आहे, टायरचं दुकान का मोबाईलचं? फोटोत विहीर असेल तर तिथं पाणी कोण भरायचं अन कोणाला लांब उभं राहावं लागायचं, हे फोटो सांगणार नाही, ते पाटलाच्या ओसरीवर विचारून भागत नाही, बौद्धपुऱ्यातल्या म्हाताऱ्या मंडळीकडंही फोटो घेऊन जा. दोन्हीकडच्या गोष्टी जुळणार नाहीत, तरी दोन्ही लिहून ठेवा.

फोटो लॅमिनेट करू नका, मोबाईलनं सावलीत, फ्लॅश बंद करून कॉपी काढा, अन मागं बॉलपेन न लावता पेन्सिलनं हलकं लिहा: "1957 ते 65, बहुतेक 62."