नाण्याची झळाळी: टांकसाळीची की घासून आणलेली?

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

प्रश्न (सातारा): माझ्याकडे पंचम जॉर्जचा १९१८ चा चांदीचा रुपया आहे. एका व्यापाऱ्याने 'फुल लस्टर, यूएनसी' (पूर्ण झळाळीचा, चलनात न फिरलेला) म्हणून चांगला भाव सांगितला. दुसऱ्याने हातात घेताच 'पॉलिश केलेलं आहे' म्हणून परत केला. खरं काय ते घरी कसं ओळखायचं?

उत्तर: पहिल्या महायुद्धाच्या वर्षांत हा रुपया मुंबई आणि कलकत्ता या दोन्ही टांकसाळींनी कोट्यवधींच्या संख्येने पाडला. त्यामुळे सालाला दुर्मीळपणाचा भाव नाही. जो काही भाव आहे तो पृष्ठभागाचा, म्हणून ही तपासणी नीट करायलाच हवी.

आधी झळाळी येते कुठून ते पाहू. दोन साच्यांमध्ये चांदीचा कोरा चकता दाबला गेला की धातू मध्यापासून कडेकडे सरकतो आणि पृष्ठभागावर अतिसूक्ष्म रेषा उमटतात. नुसत्या डोळ्यांना त्या दिसत नाहीत, पण प्रकाश त्यांच्यावरूनच परततो. या रेषा शाबूत असल्या की नाणे तिरके करून फिरवताना उजेडाचे दोन पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे मध्याभोवती फिरतात. पॉलिशने या रेषा पुसल्या जातात. नाणे चमकते, कधी मूळ नाण्याहून जास्त चमकते, पण तो उजेड फिरत नाही, आरशासारखा एका जागी लकाकतो.

खोलीतली ट्यूबलाइट बंद करा, कारण तिच्या पसरट उजेडात बारीक ओरखडे लपतात. टेबलावर एकच दिवा ठेवा. साधा ६० वॅटचा पिवळा बल्ब उत्तम. एलईडी असेल तर दुधी काचेचा नको. खाली जाड मऊ कापड अंथरा, नाणे फक्त कडांना धरा आणि दिव्यापासून साधारण फूटभर अंतरावर तिरके करत सावकाश फिरवा. राजाच्या चेहऱ्यासमोरची मोकळी जागा आधी पाहा. पट्टा तिथून अखंड सरकला पाहिजे. मग भुवई, कानाची कड, मिशी, मुकुट आणि झग्यावरचा छोटा हत्ती पाहा. (हा हत्ती १९११ च्या रुपयावर लोकांना डुकरासारखा वाटला म्हणून १९१२ पासून बदलला.) या उंचवट्यांवर पट्टा तुटत असेल आणि तिथे राखाडी, निस्तेज डाग दिसत असेल तर ती झीज आहे. मग नाणे यूएनसी नाही, बाकी कितीही झळकत असो.

इथे एक फसगत नेहमी होते. ठसा कमी जोराने पडला असेल तरी केसांचे तपशील पुसटच दिसतात. पण अशा पुसट जागेवरूनही उजेड फिरतो, झिजलेल्या जागेवरून फिरत नाही. पोत्यात नाणी एकमेकांवर आपटून पडलेले ठोकेही झीज नव्हेत. ते छोटे, तीक्ष्ण कडांचे असतात आणि आजूबाजूची झळाळी तशीच राहते. त्याने दर्जा काही पायऱ्या खाली येतो, पण यूएनसीपण जात नाही.

शेवटी १० पटीचे भिंग घ्या. एकाच दिशेने जाणारे समांतर बारीक ओरखडे म्हणजे कापडाने पुसल्याची खूण. तारेचा फिरता ब्रश लावला असेल तर सरकलेला धातू अक्षरांच्या एका बाजूला वळीसारखा साचलेला दिसतो. व्यापारी याला 'व्हिझिंग' म्हणतात. अशा नाण्याला एनजीसी किंवा पीसीजीएस या नाणी तपासून दर्जा ठरवणाऱ्या कंपन्या आकड्यातला दर्जा देत नाहीत, 'डिटेल्स' असा शेरा लिहून परत करतात.

प्रश्न (नाशिक): आजीचे व्हिक्टोरिया राणीचे अकरा रुपये लक्ष्मीपूजनाला दरवर्षी चिंच-राखेने घासले जायचे. आता काळवंडले आहेत. सिल्व्हर डिपमध्ये (चांदी उजळायच्या तयार द्रावणात) बुडवले तर मूळ झळाळी येईल का?

उत्तर: येणार नाही. या रुपयात ९१.७ टक्के चांदी आणि बाकी तांबे असते. चिंचेतले आम्ल तांब्यावरचा काळपटपणा विरघळवते, राख पृष्ठभाग खरवडते. वर्षानुवर्षे घासल्यावर त्या रेषा गेलेल्याच असतात आणि कोणतेही रसायन त्या पुन्हा उमटवत नाही. बाजारातल्या डिपमध्ये बहुधा थायोयुरिया आणि आम्ल असते. ते चांदीच्या गंधकसंयुगाचा थर काढते आणि सोबत पृष्ठभागही थोडा खाते. दोन-तीनदा बुडवलेले नाणे पांढरेफटक, निर्जीव दिसते. अॅल्युमिनियमचा कागद आणि खाण्याच्या सोड्याची युक्तीही काळेपणा घालवते, झळाळी आणत नाही.

हे रुपये आहेत तसेच ठेवा. त्यांचा काळपट रंग त्यांना शोभतो आणि संग्राहकालाही तोच हवा असतो. यापुढे पूजेत नाणी ताम्हणात मांडा, हळद-कुंकू नाण्यावर न लावता शेजारी वाहा.

प्रश्न (न्यू जर्सी): भारतातल्या लिलावात निळ्या-जांभळ्या छटांचे व्हिक्टोरियाचे रुपये दिसतात. फोटोवरून रंग खरा की केलेला ते कळतं का?

उत्तर: पूर्ण नाही. फिरत्या नाण्याचा व्हिडिओ मागा. नैसर्गिक रंग हा गंधकसंयुगाचा अतिपातळ थर असतो. थर जाड होत जातो तसा रंग पिवळसर सोनेरी, मग तांबूस-जांभळा, मग निळा असा क्रमाने बदलतो आणि खालची झळाळी रंगातून फिरताना दिसते. क्रम नसलेले भडक ठिगळ, ओरखड्याच्या आत साचलेला रंग किंवा रंगाखाली मेलेला पृष्ठभाग दिसला तर सोडून द्या.

याहून महत्त्वाचे: शंभर वर्षे वा त्याहून जुने नाणे १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येते आणि ते खासगी व्यक्तीने भारताबाहेर पाठवणे बेकायदा आहे. खरेदी केली तरी नाणे भारतातच राहील, हे धरून चाला.

प्रश्न (पुणे): टांकसाळीच्या प्रूफ संचातल्या (संग्राहकांसाठी आरशासारख्या पाडलेल्या) नाण्यावर धूळ आहे. चष्म्याच्या कापडाने पुसू का?

उत्तर: नका पुसू. प्रूफचा आरसा घासून गुळगुळीत केलेल्या साच्यांतून येतो. त्यावर एकदा फिरवलेले कापडही कायमचे ओरखडे ठेवते. दाबून हवा सोडणाऱ्या रबरी फुग्याने फुंकर मारा, तोंडाने नको, थुंकीचे शिंतोडे पुढे डाग होतात.

प्रश्न (रत्नागिरी): जुन्या प्लास्टिक अल्बममधल्या चांदीच्या नाण्यांवर हिरवट चिकट थर आला आहे. झळाळी गेली का?

उत्तर: लवकर काढला तर बहुतेक वाचेल. तुमचा अल्बम पीव्हीसी या प्लास्टिकचा असणार. ते मऊ ठेवणारे तेलकट द्रव्य पाझरते, त्यातच आम्लही सुटते, आणि कोकणच्या दमट हवेत हे आणखी वेगाने होते. शुद्ध अॅसिटोन आणा. नेलपॉलिश रिमूव्हर चालणार नाही, त्यात तेल आणि सुगंध असतात. खिडक्या उघडा, गॅस आणि देवाजवळचा दिवा विझवा. काचेच्या वाटीत नाणे १० मिनिटे बुडवून ठेवा, मग दुसऱ्या वाटीत ताज्या अॅसिटोनमध्ये हलवा. घासू नका. नंतर डिस्टिल्ड वॉटरमध्ये विसळून मऊ कागदावर टिपा. अॅसिटोन चांदीला काही करत नाही. थर निघाल्यावर खाली खड्डे दिसले तर ते आम्लाने आधीच पाडलेले आहेत, ते भरून येणार नाहीत.

नाणी पुन्हा ठेवताना पॉलिप्रॉपिलीन किंवा मायलरची पाकिटे घ्या, डब्यात सिलिका जेलची पुडी टाका आणि पावसाळ्यात ती बदलत राहा. वर्तमानपत्रात गुंडाळणे आणि रबरबँड लावणे टाळा, दोन्हींतून गंधक सुटते. त्याच अल्बममधली बाकीची नाणीही आजच बाहेर काढा, त्यांच्यावर हिरवेपणा अजून दिसत नसला तरी.